घरचा जोड

सीमेवरून (गावाचं नाव लिहायची परवानगी नाही)
१४ मार्च

तीर्थरूप आजोबांना,
विक्रमचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट फोडल्याबरोबर तुम्ही चष्मा चढवून आधी ऱ्हस्व-दीर्घ तपासणार, हे मला ठाऊक आहे. पण इंग्रजी शाळेतल्या पोराला कोठीतून अंकलिपी आणून मराठी शिकवलीत ती तुम्हीच, तेव्हा चुका निघाल्या तर अर्ध्या मास्तरच्या समजाव्यात. तणाव वाढल्यामुळे आमची पलटण पुढे आणली आहे. मोबाइल मागे जमा करून घेतले आहेत. म्हणून बऱ्याच वर्षांनी पत्राला हात लावला.

मागे फोनवर तुम्ही विचारलंत की वाळूत आमची नवी हत्यारं टिकतात का. आमच्या जवानांनी त्याचा निकाल आपल्या पद्धतीनं लावला आहे. इथे प्रत्येक वस्तूशी नातं जोडायची रीत आहे आणि त्या नात्यावरून ओळखायचं की वस्तू कशी आहे. नवी रायफल म्हणजे थोरला भाऊ. खांद्याला दणका देते, पण वेळेला उभी राहते. फक्त तिला तेल जास्त पाजायचं नाही, नाहीतर वाळू चिकटून आत चिखल होतो. मशीनगन म्हणजे मामा, रोज पुसून गोंजारलं तर ठीक, एक दिवस विसरलात की रुसून बसतो. गोळी अडवणारं जाकीट म्हणजे सासरा, छातीवर बसतो, पण त्याला बोलायची सोय नाही. ड्रोन हे लाडावलेलं कार्टं, ऊन तापलं की त्याची बॅटरी फुगते. रात्री बघायची दुर्बीण फार गुणाची, पण दुपारी वाळू आणि माणूस सारखेच तापतात, तेव्हा तिला काही दिसत नाही. पाठीवरच्या पिशवीतलं पाणी नळीतून येतं ते चहासारखं गरम. तिला अजून कोणी नातेवाईक मानलेलं नाही.

ही नाती लावण्यात आमचा दत्तोबा सगळ्यांत पुढे. तोच तो, दसऱ्याच्या रजेत माझ्याबरोबर घरी आला होता आणि आईच्या हातची अंबाडीची भाजी वाढून घेताना लाजत होता. उदगीरकडचा. माझा वायरलेस तोच सांभाळतो.

एक बातमी बाबांना सांगा. वाळवंटासाठी नवे बूट येणार आहेत आणि त्यांची चाचणी आमच्या कंपनीवर सोपवली आहे. त्यांचे तळवे आपल्या काटेदानच्या कारखान्यात बनतात, हे बहुतेक त्यांना माझ्याआधी कळलं असेल. आईला नमस्कार. लोभ आहेच, तो उन्हानं आटू देऊ नये.

आपला,
विक्रम

* * *

विद्यानगर, हैदराबाद
२ एप्रिल

चि. विक्रम यास,
हिम्मतरावाचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. ऱ्हस्व-दीर्घ तू वाळूतच पुरून आलेला दिसतोस, पण मजकूर वाचून बरं वाटलं, आणि तुझी ती नाती योगिनीला वाचून दाखवली तेव्हा ती पुष्कळ दिवसांनी हसली. सासऱ्याच्या ओळीला तर तुझी आई जरा जास्तच हसली.

आता माझं ऐक. एकाहत्तरच्या हिवाळ्यात मी त्याच वाळूत होतो. आमची रायफल जड होती, पण आत वाळू गेली की कळ फिरवून गॅसचा दाब वाढवायचा आणि ती पुन्हा बोलायला लागायची. पाणी कॅनव्हासच्या छागलीत, ती गाडीला बाहेर लटकवायची, वारा लागला की पाणी गार. पायात साधे कॅनव्हासचे बूट. रात्री पाय बधिर व्हायचे, पण नाती लावत बसायला आम्हाला फुरसत नव्हती. तुमची पोरं भलतीच चिकित्सक झाली आहेत. नाचता येईना, अंगण वाकडं. हत्याराला नावं ठेवणाऱ्या जवानावर तू लगेच विश्वास ठेवत जाऊ नकोस, हा माझा अनुभवाचा सल्ला समज.

तुझ्या बाबांचा जीव या बुटांत अडकला आहे. चपलांचं काम बंद पडल्यापासून अर्धा कारखाना झाकून ठेवलाय आणि कामगार रोज दारात येऊन विचारतात, काम कधी सुरू होणार. सैन्याचं काम लागलं तर ती सगळी घरं सावरतील. प्रशांत नक्को नक्को म्हणत ताटावरून उठतो. आपल्या पोराच्याच हाती आपली परीक्षा आली, याचं त्याला हसावं की रडावं कळत नाही.

सोबतच्या पार्सलात बूट आहेत. सैन्याला बूट पुरवणारी जी मोठी कंपनी आपल्याकडून तळवे घेते, तिच्याकडून वरचा भाग मागवून घेतला आणि तळवा प्रशांतनं स्वतः उभं राहून बसवला. तुझ्या जुन्या बुटावरून माप घेतलं. दोन दिवस कोणाला हात लावू दिला नाही. चाचणीत हाच जोड घाल, असं त्यानं बजावून सांगितलंय. आजा वाळूत लढला, बापानं बूट शिवला, नातू तो घालून उभा राहिला, असं मी शेजारच्या वकिलांना सांगून आलो. म्हाताऱ्याला एवढी फुशारकी मारू द्यावी.

प्रकृती सांभाळ. आठवण झाली की लिहीत जा, आमचा लोभ तुझ्यामागे चालतोच आहे.

तुझा,
आजोबा

* * *

सीमेवरून
१८ मे

तीर्थरूप आजोबांना,
शि. सा. न. वि. वि.

बाबांचा जोड पायात घालून हे पत्र लिहितो आहे. पाय भाजत नाही, वाळू आत शिरत नाही, शिवण एक उसवलेली नाही. बाबांना सांगा, मुलगा म्हणून नाही, कंपनी कमांडर म्हणून शाबासकी देतो.

तळवे आमच्या घरचे आहेत हे मी पलटणीच्या सीओ साहेबांना आधीच सांगितलं. ते हसले आणि म्हणाले की मग तर उत्तम, तक्रार थेट घरी करता येईल. त्यामुळे माझ्या मनावर ओझं राहिलं नाही.

जवानांनी मात्र डोकं फिरवलं. त्यांना त्या बूट कंपनीकडून आलेले जोड मिळाले, तेव्हापासून कुरकुर. तळवा सुटतो म्हणतात. त्यांनी बुटाचं नावही ठेवलं: पाहुणा. का, तर चार दिवस राहून निघून जातो. मला ते लागलं. मी सगळ्यांना उभं केलं आणि माझे पाय दाखवले. तेच बूट, तीच वाळू, तेवढंच चालणं. मग माझे कसे टिकले? हे लोक बूट ट्रकच्या तापलेल्या बॉनेटवर वाळत घालतात आणि चालताना पाय फरफटतात. त्यांना मी चांगलं खडसावलं. तुमचा सल्ला उपयोगी पडला.

एकट्या दत्तोबानं पैकीच्या पैकी गुण दिले. बाकीचे त्याला डिवचत होते, तर तो म्हणाला की ज्या घरी पोटभर जेवलो त्या घरचे वासे मी मोजणार नाही. मी त्याला सांगितलं की भाजीचा आणि बुटाचा काही संबंध नाही, खरं असेल ते सांग. तो म्हणाला, खरंच चांगले आहेत. मी माझ्या पायांवरून आणि त्याच्या शब्दावरून अहवालात ‘उत्तम’ लिहिलं आणि बाकीच्यांच्या तक्रारी ‘वापरातला निष्काळजीपणा’ या सदरात घातल्या.

आईला सांगा, अंबाडी वाळवून पाठव, दत्तोबा विचारत असतो. आशीर्वादाचा हात असाच डोक्यावर राहू द्यावा.

आपला,
विक्रम

* * *

विद्यानगर, हैदराबाद
५ जून

चि. विक्रम यास,
अ. उ. आ.

काम मिळालं. सगळ्या पलटणीला आणि पुढे आणखी दोन पलटणींना तेच बूट जाणार आहेत. कारखान्याचं दुसरं शटरही वर गेलं. कामगारांनी घरी पेढे आणून दिले आणि मी मधुमेह विसरून दोन खाल्ले. योगिनीनं पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं, हेही कळवतो.

तुझं पत्र मी जेवणाच्या वेळी मोठ्यानं वाचलं. पाहुण्याची गोष्ट आली तेव्हा मी हसलो, पण प्रशांत हात धुऊन उठून गेला. कामाचा ताण असेल असं मी समजलो. नंतर येऊन त्यानं निरोप सांगितला तो असा की सगळ्यांना नवे बूट वाटले तरी तू ते घ्यायचे नाहीस, घरचाच जोड वापरायचा. दुसरा जोडही तो करतो आहे. पोरावर इतका जीव लावणारा बाप मी कधी नव्हतो, हे तुझी आजी असती तर तिनं तोंडावर सांगितलं असतं.

जवानांचं मनावर घेऊ नकोस. नवी वस्तू दिली की शिव्या आणि काढून घेतली की रडगाणं, ही आमचीही रीत होती. अंबाडी वाळत घातली आहे. लोभ वाढता राहो.

तुझा,
आजोबा

* * *

सीमेवरून
२१ जुलै

तीर्थरूप आजोबांना,
शि. सा. न. वि. वि.

दत्तोबा गेला. तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल, पण तिथे नुसतं नाव असतं.

कुंपणाच्या अलीकडे काही माणसं घुसली होती. भर दुपारी आम्ही एका वाळूच्या टेकडीवरून दुसरीकडे धावत होतो. मधे उघडी जागा होती. मी पुढे, दत्तोबा वायरलेस घेऊन माझ्या मागे. रायफली चालल्या, मशीनगनही चालली, जाकिटानं आमच्यातल्या एकाला वाचवलं. मी पलीकडे पोचलो आणि मागे पाहिलं तर तो मधेच खाली वाकलेला. त्याच्या उजव्या बुटाचा तळवा सबंध निघाला होता. त्या वाळूवर उघडा पाय टेकत नाही, आजोबा, तव्यावर ठेवल्यासारखा होतो. तो तळवा पायाला बांधायला बसला आणि तिथेच त्याला गोळी लागली, मानेच्या बाजूला. मी ओढून आणला, पण उपयोग झाला नाही.

त्याचे बूट मी काढले. दोन्ही बुटांना त्यानं टेलिफोनची तार गुंडाळली होती, पँटच्या खाली लपवून; उजवीकडची तुटली होती. बाकीच्यांना विचारलं. मग एकानं सांगितलं की पहिल्या आठवड्यातच त्याचे तळवे सुटले होते. त्यानं सगळ्यांना शपथ घातली होती की साहेबांना कळू द्यायचं नाही, त्यांच्या वडिलांचा माल आहे, त्यांना वाईट वाटेल. इतके दिवस तो रोज माझ्या मागून तार बांधलेल्या बुटांनी चालत होता आणि मी एकदाही वळून त्याच्या पायांकडे पाहिलं नाही.

आता सगळ्या पलटणीच्या पायात तेच बूट आहेत. अर्ध्या लोकांनी तारा बांधल्या आहेत. आणि माझा जोड आजही तसाच आहे, एक शिवण उसवलेली नाही. हे कसं, ते बाबांना विचारून कळवा. मला दुसरं काही नको.

विक्रम

* * *

विद्यानगर, हैदराबाद
३० जुलै

चि. विक्रम यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी एकट्यानं वाचलं, घरात कोणाला दिलं नाही. योगिनीला फक्त दत्तोबा गेल्याचं सांगितलं. तिनं वाळवलेली अंबाडी उचलून आत नेली आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

माझेही साथीदार गेले आहेत. गोळीवर नाव लिहिलेलं असतं, ती बूट बघून येत नाही. बूट नसता सुटला तर दुसरं काही सुटलं असतं. हे मी पन्नास वर्षं स्वतःला सांगत आलो, तूही सांग, त्यावाचून झोप लागत नाही.

प्रशांतला मी विचारलं नाही. दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा भलतंच बोललो. भरल्या घरात असा प्रश्न टाकला तर पुढे एका पंगतीला बसता येत नाही. तूही घाईनं काही कागदावर घालू नकोस. जरा थांब.

सांभाळून राहा. इथलं सगळं प्रेम तुझंच आहे.

आजोबा

* * *

विद्यानगर, हैदराबाद
१६ ऑगस्ट

चि. विक्रम यास,
अ. उ. आ.

मागच्या पत्रात तुला थांब म्हणालो. आता तसं म्हणायला तोंड नाही.

परवा सकाळी दत्तोबाचे वडील नामदेवराव आले. कळवलं नव्हतं. नामपल्ली स्टेशनावर उतरून पत्ता विचारत विचारत पायी इथवर आले. वयानं माझ्याहून लहान, पण पाठीत वाकलेले. बरोबर एक गाठोडं. घरात यायच्या आधी त्यांनी चपला बाहेर काढून भिंतीकडे नीट लावून ठेवल्या. मुलानं घरचं फार सांगितलं होतं म्हणाले, म्हणून एकदा येऊन हात जोडावेत असं वाटलं.

ते बोलत होते आणि आम्ही तिघं ऐकत होतो. दत्तोबानं त्यांना लिहिलं होतं की साहेबांच्या वडिलांनी बनवलेले बूट पायात आहेत, आता काळजी करू नका. ते प्रशांतला म्हणाले, “तुमच्या घरचं लेणं घालून गेलं माझं लेकरू. अनवाणी न्हाई गेलं, एवढं समाधान हाय.” प्रशांत खाली बघत होता. योगिनीला वाटलं त्याला रडू येतंय, तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

मग त्यांनी गाठोडं सोडलं. तुरीची डाळ. घ्यायला आम्ही संकोचलो, तर त्यांनी समजावून सांगितलं की ही बाजारची नव्हे. शेतात सगळीकडे औषध मारावं लागतं, पण विहिरीजवळचा एक तुकडा ते घरच्यांसाठी वेगळा ठेवतात. त्यावर फवारा जात नाही. त्यातली डाळ ते विकत नाहीत, लेकीबाळींनाच देतात. आमच्याही शेतात माझ्या बापानं तसा तुकडा राखला होता, त्याचंच खाऊन मी वाढलो. घरचं वेगळं आणि बाजारचं वेगळं. आम्ही त्यात कधी काही वाईट मानलं नाही. पण नामदेवराव ते शब्द बोलले आणि मी प्रशांतकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सगळं लिहिलं होतं.

नामदेवराव गेल्यावर मी त्याला विचारलं. त्यानं लपवलं नाही. त्या बूट कंपनीनं दर पाडला म्हणून मालाच्या रबरात स्वस्त भुकटी जास्त आणि चिकटवायचा गोंद हलका, सावलीत चालेल असा. तुझ्या जोडाला मात्र चोख रबर आणि चांगला गोंद. मी ओरडलो नाही. तो म्हणाला, “मला माहीत होतं आत काय आहे. मग ते आपल्या पोराच्या पायात कसं घालू?” मी विचारलं की बाकीची पोरं कोणाची होती. अहवालात तुझ्याच पायांवरून शिक्का बसेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं म्हणतो. माझा त्यावर विश्वास बसतो, आणि म्हणूनच जास्त राग येतो.

तुला त्याचा निरोप आहे, तो कळवणं मला भाग आहे. तू बोललास तर कारखाना बंद होईल, सगळे कामगार रस्त्यावर येतील आणि तुझीही नोकरी धोक्यात येईल. दत्तोबा त्यानं परत यायचा नाही. पुढचा माल तो गुपचूप चोख करून देईल. हात जोडून सांगितलंय.

वाटून गेलेल्या बुटांचं काय, हे मी विचारलं. त्यावर तो उठून कारखान्यात निघून गेला. डाळीचं गाठोडं योगिनीनं तसंच ठेवलंय, उघडायला कोणी धजत नाही. मी तुला काही सांगत नाही. जवानांवर विश्वास ठेवू नकोस हा सल्ला माझाच होता, तेव्हा माझं सल्ले देणं आता पुरे.

आजोबा

* * *

सीमेवरून
२ सप्टेंबर

तीर्थरूप आजोबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मी सीओ साहेबांकडे गेलो. मी चाचणीत घातलेला जोड वेगळा होता, गुण त्या जोडाचे होते आणि जवानांच्या तक्रारी खऱ्या असून मी त्या खोट्या ठरवल्या, असं तोंडी सांगितलं आणि लेखीही दिलं. बाबांचं नाव लिहिलं. माझं त्यांच्या आधी लिहिलं. साहेब या वेळी हसले नाहीत. कंपनी माझ्याकडून काढून घेतली आहे आणि चौकशी होईल. बूट परत मागवायचा हुकूम सगळीकडे गेला आहे. बाबांकडेही माणसं येतील. त्यांनी काही झाकू नये, एवढं त्यांना सांगा.

कामगारांचं मला वाईट वाटतं. त्यांनी काही केलेलं नाही. पण माझी माणसं रोज तारा बांधून चालत होती आणि मी गप्प बसलो असतो तर पुढची उघडी जागा कोणाच्या तरी वाट्याला आलीच असती. बाबा रागावतील, कदाचित कायमचे. मीही रागावलो आहे. आमच्यातलं कोण आधी बोलेल ते माहीत नाही.

आमचे पूर्वीचे बूट पुन्हा मिळेपर्यंत मी इतरांना वाटलेल्यातलाच एक जोड घातला आहे. तिसऱ्या दिवशी डावा तळवा सुटला. ज्याला मी पाय फरफटतोस म्हणून सर्वांसमोर बोललो होतो, त्यानंच आपल्या खिशातली तार काढून मला बांधून दिली. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रजा मिळेल तेव्हा मी आधी उदगीरला उतरणार आहे. नामदेवरावांना अजून वाटतंय की त्यांच्या मुलाच्या पायात आमच्या घरचं काही होतं. ते तसं नव्हतं, हे त्यांना दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मी सांगायला हवं. त्यानंतर त्यांनी उंबऱ्यातून हाकललं तरी चालेल. मग विद्यानगरला येईन, येऊ द्याल तर.

बाबांनी पाठवलेला दुसरा जोड न उघडता परत करतो आहे. आईला नमस्कार. आपला लोभ असावा, पण तो एकट्या माझ्यासाठी वेगळा काढून ठेवू नये, ही विनंती.

आपला,
विक्रम